खाऱ्या दलदलीच्या खाडीत प्लवकांचा हंगाम कशावर ठरतो?

प्रश्न असा आला आहे: “मी नागपुरात एम.एस्सी. करते. पदवीला फुटाळा आणि अंबाझरी तलावांच्या पाण्यावर काम केलं. फॉस्फेट वाढलं की तलाव हिरवा होतो, हे तिथे शिकले. आता प्रकल्पासाठी समुद्रकाठच्या खाऱ्या दलदलीतल्या खाड्यांचा विषय घेतला आहे. तिथे वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शेवाळं, ऋतूनुसार कमी-जास्त होतात ते नेमकं कशामुळे? कुणी तापमान सांगतं, कुणी नायट्रोजन, कुणी प्लवक खाणारे जीव. उन्हाळ्यात नायट्रोजन जवळजवळ संपलेला आणि प्लवक मात्र वर्षात सर्वांत जास्त, असंही वाचलं. हे कसं शक्य आहे?”

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं उत्तर त्यातच अडकलेलं आहे. नायट्रोजन संपत आलेला आणि प्लवक भरपूर, या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी खऱ्या असू शकतात. खाऱ्या दलदलीच्या खाड्यांत उन्हाळ्यात तसं दिसणं नवलाचं नाही. आपल्याला ते विचित्र वाटतं, कारण बाटलीत मोजलेला आकडा आणि खाडीत चाललेली उलाढाल आपण एकच धरतो. कळमना मार्केटच्या आवारात संध्याकाळी संत्र्यांचा ढीग किती उरला, यावरून दिवसभरात किती माल आला हे सांगता येत नाही. किती गाड्या भरून बाहेर गेल्या तेही पाहावं लागतं. क्लोरोफिलचा आकडा, म्हणजे पाण्यात किती प्लवक आहेत याचं माप, हा तसा उरलेला ढीग आहे, आणि अमोनियम-नायट्रेटचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या नायट्रोजनचा, आकडाही.

प्लवकांचा साठा वाढतो तो पेशींच्या विभाजनाने. घटतो तो तीन वाटांनी: कुणीतरी खाल्लं, ओहोटीबरोबर बाहेर गेलं, किंवा तळाला बसलं. समजा, जुलैत पेशींच्या वाढीचा दर दिवसाला १.२ आहे आणि खाल्लं जाण्याचा दर १.०. निव्वळ उरले ०.२, म्हणजे (वाढ चक्रवाढीने होत असल्याने) साठा दिवसाला साधारण २२ टक्के चढेल. जानेवारीत वाढीचा दर ०.४ एवढाच, पण खाणारे थंडीने मंदावलेले, त्यांचा दर ०.१. निव्वळ ०.३, म्हणजे दिवसाला ३५ टक्के. पेशी तिपटीने हळू वाढत असूनही साठा जानेवारीत जास्त वेगाने चढला. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, पण ही मेख मनात पक्की बसली पाहिजे. “वाढ कशाने होते” आणि “साठा कशाने होतो” हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तापमान की नायट्रोजन की खाणारे, या वादातला बराचसा भाग हे दोन प्रश्न एकत्र कालवल्यामुळे झालेला आहे, असं माझं मत आहे.

आता जागा कशी असते ते थोडक्यात. या विषयावरचं बरंच मूळ काम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर झालं. तिथे स्पार्टिना नावाच्या गवताची विस्तीर्ण कुरणं आहेत, भरतीला पाण्याखाली जाणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी. त्यांतून नागमोडी ओहळ वाहतात आणि पुढे खाडीला मिळतात. साउथ कॅरोलायनात जॉर्जटाउनजवळचं नॉर्थ इनलेट हे त्याचं नमुनेदार उदाहरण. तिथे नदीचं गोडं पाणी फार थोडं येतं, त्यामुळे खारेपणा जवळपास समुद्राइतका राहतो. जॉर्जियातल्या सापेलो बेटावर जॉन टील यांनी १९६२ मध्ये दलदलीतल्या ऊर्जेचा हिशेब मांडला आणि तिथे तयार होणाऱ्या अन्नापैकी सुमारे ४५ टक्के भाग भरती-ओहोटी बाहेर नेते असं दाखवलं. गवताचं उत्पादन इतकं डोळ्यांत भरणारं होतं की पाण्यातले सूक्ष्म प्लवक त्यामानाने मागे पडले. आपल्याकडे गवताळ-झुडपी खारी दलदल मुख्यतः गुजरातेत, विशेषतः कच्छच्या किनाऱ्यावर आहे. कोकणातल्या खाड्यांत ती जागा बहुतांशी खारफुटीने घेतली आहे. जाती बदलतात, पण चिखल, भरती आणि ओहळ यांचं गणित पुष्कळसं सारखं राहतं.

प्रकाशापासून सुरुवात करू. नागपुरात सर्वांत लहान दिवस पावणेअकरा तासांहून थोडा मोठा आणि सर्वांत मोठा साडेतेराच्या आत. नॉर्थ इनलेट ३३ अंश उत्तरेला आहे. तिथे डिसेंबरात दहा तास आणि जूनमध्ये सव्वाचौदा तास उजेड असतो. हिवाळ्यात सूर्यही खाली असतो. एवढा फरक वाढीला पुरेसा जाणवतो. पण पाण्यात शिरल्यावर प्रकाशाचं काय होतं, हे दिवसाच्या लांबीइतकंच महत्त्वाचं आहे. सेकी तबकडी, म्हणजे पाणी किती पारदर्शक ते पाहायची चकती, तुम्ही तलावात सोडलीच असेल. गढूळ खाडीत ती अर्ध्या मीटरला दिसेनाशी झाली असं धरा. गढूळ पाण्यासाठी १.४४ ला त्या खोलीने भागलं की प्रकाश विझण्याचा गुणांक मिळतो, इथे सुमारे २.९. पृष्ठभागावरचा एक टक्का प्रकाश जिथे उरतो ती खोली म्हणजे ४.६ भागिले हा गुणांक, म्हणजे १.६ मीटर. खाडी तीन मीटर खोल असेल आणि भरतीचा प्रवाह पाणी वर-खाली घुसळत असेल, तर प्रत्येक पेशी जवळजवळ निम्मा वेळ अंधारात घालवणार. तिथे खतं कितीही असोत, वाढ प्रकाशाला बांधलेली राहील.

दलदलीचे ओहळ मात्र उथळ असतात. ओहोटीला कमरेएवढंही पाणी उरत नाही, त्यामुळे पाणी गढूळ असूनही पेशींना उजेड मिळतो. म्हणून उथळ दलदलीत एकटा प्रकाश वाढ अडवतोय असं सहसा हिवाळ्यातच म्हणता येतं. खोल, गढूळ, नदीच्या गाळाने भरलेल्या खाडीत मात्र तो वर्षभर अडवू शकतो. भरती-ओहोटीची पंधरवड्याची लय इथे फार बोलते. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण भागात वसंतातला प्लवकांचा बहर भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा, येतो, कारण त्या दिवसांत प्रवाह मंद असतो, गोडं पाणी वर आणि खारं खाली असे थर पडतात आणि वरच्या थरातल्या पेशी उजेडात टिकतात. उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आलं की थर मोडतात, गाळ उठतो आणि बहर ओसरतो. जेम्स क्लोर्न यांनी तिथे अनेक वर्षं केलेलं काम तुम्ही अवश्य अभ्यासा. साठा आणि वाढ वेगळी कशी पाहायची याचा तो उत्तम धडा आहे.

तापमानाबद्दल फार लिहायला नको. एप्ली यांनी १९७२ मध्ये दाखवलं की दर १० अंशांना प्लवकांच्या वाढीची कमाल मर्यादा साधारण १.८८ पटीने वर सरकते. पाणी १० अंशांवरून ३० अंशांवर गेलं तर ही मर्यादा साडेतीन पट होते. पण ती मर्यादा आहे. तिथवर पोचायला प्रकाश आणि अन्न लागतंच. नुसत्या तापमानाच्या आलेखाशी क्लोरोफिलचा आलेख जुळला म्हणून तापमानाला कारण ठरवू नका. उन्हाळ्यात तापमानाबरोबर चिखलातल्या जिवाणूंचा वेग, खाणाऱ्यांची भूक आणि दिवसाची लांबी, सगळंच एकत्र वर जातं.

आता नायट्रोजन. इथे तुमचं तलावाचं शिक्षण तुम्हाला अडवेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तलावात फॉस्फरसला जे महत्त्व आलं, त्यामागे कॅनडातल्या ओंटारिओमधला प्रसिद्ध प्रयोग आहे. २२६ क्रमांकाच्या तलावाचे पडदा टाकून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकला, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरस. फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला. शिंडलर यांनी १९७४ मध्ये ते छापलं आणि वरून घेतलेलं त्या तलावाचं छायाचित्र जगभर पोचलं. त्याच्या तीनच वर्षं आधी, १९७१ मध्ये, रायथर आणि डन्स्टन यांनी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या उपसागरांत उलट निष्कर्ष काढला होता. तिथे बदकपालनाच्या शेतांची घाण पाण्यात येत होती. त्या पाण्यात फॉस्फेट सगळीकडे शिल्लक होतं, नायट्रोजन मात्र लगेच संपत होता. बाटलीत फॉस्फेट घातल्याने शेवाळ वाढलं नाही. अमोनियम घातल्यावर वाढलं. दोन्ही प्रयोग बरोबर आहेत. पाणी वेगळं आहे.

हा फरक बराचसा चिखलात ठरतो. गोड्या पाण्याच्या तळाशी लोह फॉस्फेटला धरून ठेवतं. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. प्राणवायू नसलेल्या चिखलात जिवाणू त्या सल्फेटचं सल्फाइड करतात. दलदलीत पाय रुतला की सडक्या अंड्यांसारखा जो वास येतो तो त्याचाच. हे सल्फाइड लोहाला पकडतं, मग फॉस्फेटला धरायला लोह उरत नाही आणि फॉस्फेट पाण्यात सुटतं. त्याच चिखलात दुसरे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. म्हणजे एका बाजूने फॉस्फरस परत मिळतोय, दुसऱ्या बाजूने नायट्रोजन कायमचा जातोय. समुद्री प्लवकांना सरासरी फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे १६ अणू लागतात, हे रेडफील्ड यांचं प्रमाण तुम्हाला माहीत असेलच. चिखलातून येणारा पुरवठा त्या प्रमाणाहून नायट्रोजनात कमी पडतो, म्हणून खाऱ्या खाडीत उन्हाळ्यात टंचाई नायट्रोजनची भासते.

पण हाही नियम वर्षभर सगळीकडे चालेल असं समजू नका. अमेरिकेतल्याच चेसापीक उपसागरात वसंतात नद्या नायट्रेट भरभरून आणतात, तेव्हा टंचाई फॉस्फरसची असते, आणि उन्हाळ्यात ती नायट्रोजनकडे सरकते. नदी मोठी असेल तिथे असा पालट शोधायलाच हवा. नॉर्थ इनलेटसारख्या, नदी जवळजवळ नसलेल्या दलदलीत नायट्रोजनचा मुख्य स्रोत चिखल आणि तिथलेच जीव असतात, आणि त्यांचा वेग तापमानावर चालतो.

इथे तुमच्या कोड्याची उकल आहे. आकडेमोड करून पाहा. उन्हाळ्यात क्लोरोफिल लिटरला १२ मायक्रोग्रॅम आहे आणि अमोनियम लिटरला १ मायक्रोमोल, असं धरा. ढोबळ मानाने एक मायक्रोग्रॅम क्लोरोफिल असलेल्या प्लवकांच्या अंगात एक मायक्रोमोल नायट्रोजन असतो. म्हणजे या प्लवकांत १२ मायक्रोमोल नायट्रोजन आहे. ते दिवसातून एकदा दुप्पट होत असतील, तर त्यांना रोज आणखी १२ मायक्रोमोल लागणार. पाण्यात दिसणारा १ मायक्रोमोल हा जेमतेम दोन तासांचा शिधा झाला. तरीही वाढ चालू आहे, याचा अर्थ एकच: अमोनियम जितक्या वेगाने उचललं जातंय तितक्याच वेगाने कुठून तरी येतंय. पाण्यात ते दिसत नाही कारण येताक्षणी उचललं जातं. म्हणून कमी सांद्रता म्हणजे कमी पुरवठा, असं लिहिलेलं मला विद्यार्थ्याच्या प्रबंधात दिसलं की मी तिथे लाल खूण करतो.

मग ते येतं कुठून? काही भाग चिखलातून. उन्हाळ्यात मेलेलं गवत आणि बाकीचा सेंद्रिय माल जिवाणू झपाट्याने कुजवतात, मातीच्या कणांमधल्या पाण्यात अमोनियम साठतं आणि ओहोटीला ते पाणी ओहळांच्या काठातून झिरपतं. ओहोटीच्या शेवटी काठाच्या चिखलातून बारीक धारा उतरताना दिसतात. तिथल्या पाण्याचा नमुना घेऊन तपासा, अमोनियम खाडीच्या कितीतरी पट मिळेल. आणि मोठा भाग येतो तो प्लवक खाणाऱ्यांकडून. एकपेशीय सिलिएट आणि फ्लॅजेलेट (बारीक केसांनी किंवा शेपटीसारख्या तंतूंनी पोहणारे सूक्ष्म जीव) प्लवक गिळतात आणि त्यातल्या नायट्रोजनचा बराचसा भाग अमोनियम म्हणून बाहेर टाकतात. त्याच अमोनियमवर उरलेले प्लवक वाढतात. खाणारा इथे साठा कमी करतो आणि त्याच वेळी वाढीचा दर टिकवूनही धरतो. तलावाच्या अभ्यासात खतं एका बाजूला आणि खाणारे दुसऱ्या बाजूला असे दोन रकाने करायची सवय लागते. उन्हाळ्यातल्या दलदलीत ते दोन रकाने वेगळे करता येत नाहीत. या विषयातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

ऋतूबरोबर प्लवकांच्या जातीही बदलतात, आणि त्या बदलाला हेच कारण आहे. थंडीत आणि वसंतात डायटम वरचढ असतात. त्यांचं कवच सिलिकाचं, अंग मोठं, आणि नायट्रेट भरपूर असेल तेव्हा ते जोमाने वाढतात. उन्हाळ्यात २ ते २० मायक्रोमीटरचे, प्रकाशसंश्लेषण करणारे छोटे फ्लॅजेलेट पुढे येतात. लहान पेशीचं पृष्ठफळ तिच्या आकारमानाच्या मानाने जास्त असतं, म्हणून अगदी विरळ अमोनियमही तिला उचलता येतं. त्यांच्यातले काही विरघळलेला सेंद्रिय नायट्रोजन वापरतात, आणि दलदलीच्या चहासारख्या तपकिरी पाण्यात तो विपुल असतो. काही तर प्रकाशसंश्लेषण करता करता जिवाणूही खातात. त्यामुळे नुसतं अमोनियम-नायट्रेट मोजून उन्हाळ्यातल्या नायट्रोजनचा हिशेब पुरा होत नाही.

सिलिकेटबद्दल एक छोटी गोष्ट. बेल्जियममध्ये शेल्ट नदीच्या, भरती पोचते त्या पट्ट्यातल्या गोड्या पाण्याच्या दलदलीवर एरिक स्ट्राइफ आणि सहकाऱ्यांनी काम केलं. उन्हाळ्यात डायटमनी नदीतलं सिलिकेट संपवलं की दलदल ओहोटीबरोबर ते परत पुरवते, असं त्यांना आढळलं. गवतात आणि चिखलात साठलेली सिलिका हळूहळू विरघळते. दलदल बुजवली की नुसतं गवत जात नाही, हा पुरवठाही जातो.

आता खाणाऱ्यांकडे नीट वळू. वनस्पतिप्लवक कोण खातं असं विचारलं की विद्यार्थी कोपेपॉडचं, म्हणजे पाण्यातल्या इवल्या कवचधारी प्राण्यांचं, नाव घेतात. खाडीत खरा फडशा पाडतात ते त्यांच्याहून खूप लहान, एकपेशीय सूक्ष्म प्राणिप्लवक. काल्बेट आणि लँड्री यांनी २००४ मध्ये जगभरातले प्रयोग एकत्र करून पाहिले. किनारी आणि खाडीच्या पाण्यात रोजच्या प्राथमिक उत्पादनापैकी सरासरी ६० टक्के भाग हे सूक्ष्म जीव खातात, असं त्यातून निघालं. त्यांचं पुनरुत्पादनही प्लवकांइतकंच जलद असतं. प्लवक वाढले की एक-दोन दिवसांतच तेही वाढतात, म्हणून उन्हाळ्यात साठा एका पातळीपलीकडे सहसा जात नाही. कोपेपॉड सिलिएटही आवडीने खातात, त्यामुळे कोपेपॉड वाढल्याने प्लवक कमी होण्याऐवजी वाढल्याचंही पाहायला मिळतं.

थंडीत मात्र चित्र पालटतं. रोझ आणि कॅरन यांनी २००७ मध्ये दाखवलं की पाणी थंड होत गेलं की शाकाहारी एकपेशीयांच्या वाढीची मर्यादा वनस्पतिप्लवकांपेक्षा जास्त वेगाने खाली येते. कमी उजेडात आणि गार पाण्यातही डायटमचा बहर कसा येतो, याचं एक चांगलं कारण त्यात आहे. ऱ्होड आयलंडमधल्या नॅरागन्सेट उपसागरात १९५० च्या दशकापासून प्लवकांच्या नोंदी आहेत. तिथला हिवाळा-वसंतातला बहर पुढच्या दशकांत दुबळा झाला. हिवाळ्याचं पाणी उबदार होत गेलं आणि थंडीतही खाणाऱ्यांची भूक जागी राहिली, हे त्याच्या कारणांत मांडलं जातं.

तळावर बसून पाणी गाळणारे शिंपले, कालवं हे दुसरे खाणारे. त्यांची ताकद पाहायची तर सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या उत्तर भागातलं सुइसन पाहा. तिथे मोठी दलदलही आहे. आशियातून जहाजांच्या पाण्याबरोबर आलेला पोटॅमोकॉर्ब्युला अम्युरेन्सिस हा छोटा शिंपला १९८६ मध्ये तिथे पहिल्यांदा सापडला. १९८७ पासून तिथला उन्हाळ्यातला प्लवकांचा बहर जवळजवळ नाहीसा झाला. सूर्य तोच आणि ऋतू तेच. खतंही संपलेली नव्हती. दरवर्षी येणारा हंगाम एका शिंपल्याने पुसून टाकला. तिथे कुणी फक्त पोषकद्रव्यं मोजत बसलं असतं तर त्याला काहीच उलगडलं नसतं. दलदलीच्या ओहळांत कालवांचे थर असतात तिथेही हे लक्षात ठेवा: भरतीबरोबर आलेलं क्लोरोफिल त्या थरांवरून जाताना कमी होतं आणि त्यांच्यावरून परतणाऱ्या पाण्यात अमोनियम वाढलेलं असतं.

राहता राहिला पाण्याचा मुक्काम. पेशीला दुप्पट व्हायला एक दिवस लागत असेल आणि पाणी अर्ध्या दिवसात बाहेर जात असेल, तर बहर कधीच येणार नाही. उत्तर अमेरिकेच्या दलदलींत हा मुक्काम भरती-ओहोटी ठरवते आणि तो वर्षभर फारसा बदलत नाही. आपल्याकडे पावसाळा तो पार उलटापालटा करतो, आणि याचं उदाहरण तुमच्या पायाशीच आहे. नागपूरची नाग नदी कन्हानला मिळते, पेंचचं पाणीही कन्हानमध्येच येतं. कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला. विदर्भातला बराचसा पाऊस अखेर आंध्रातल्या धवळेश्वरमच्या बंधाऱ्यावरून गौतमी गोदावरीच्या मुखात उतरतो, काकीनाड्याजवळच्या कोरिंगा खारफुटीच्या बाजूला.

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या विशाखापट्टणम केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी या मुखाचा ऋतुवार अभ्यास केला आहे. पुराच्या दिवसांत मुख जवळजवळ गोडं होतं, पाणी गाळाने लाल-तपकिरी असतं, पोषकद्रव्यं भरपूर असतात, पण प्लवक फार थोडे: उजेड नाही आणि मुक्कामाला वेळ नाही. पुराचा जोर ओसरला, गाळ बसला, पाणी थबकलं की शिल्लक खतांवर बहर येतो. पुढे उन्हाळ्यात विसर्ग जवळजवळ थांबतो, समुद्राचं पाणी आत येतं आणि नदीच्या खतांचा ओघ आटतो. नॉर्थ इनलेटमध्ये ऋतूची चावी तापमानाकडे आहे. गोदावरीच्या मुखात ती विसर्गाकडे आहे. खाडी कोणती, यावर उत्तर किती बदलतं हे यावरून दिसेल. म्हणून अमेरिकी पेपरातला उन्हाळी बहर उचलून आपल्या मे महिन्यावर बसवू नका.

प्रकल्प कसा आखाल, याबद्दल दोन-तीन गोष्टी, कारण तलावावरून खाडीवर जाणारे बहुतेक जण इथेच फसतात.

पहिली, नमुना घेण्याची वेळ. फुटाळ्यावर दर सोमवारी सकाळी दहाला जायची सवय चांगलीच आहे. खाडीवर हाच नेम ठेवलात तर एक आठवडा भरतीचं पाणी मिळेल, पुढचा आठवडा ओहोटीचं. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. सात दिवसांत ती जवळजवळ सहा तास सरकते आणि भरतीच्या जागी ओहोटी येते. तुमच्या आलेखात एकाआड एक चढ-उतार येईल आणि तुम्ही त्याला प्लवकांचा बहर समजाल. त्याऐवजी घड्याळाकडे न पाहता भरतीच्या तक्त्यावर चाला: प्रत्येक वेळी ओहोटीचा एकच टप्पा धरा, आणि उधाण होतं की भांग हे वहीत नोंदवा. वर्षातून निदान दोनदा, एकदा थंडीत आणि एकदा गरमीत, एकाच जागी पूर्ण भरती-ओहोटीभर दर तासाला नमुने घ्या. त्यातला फरक ऋतूच्या फरकाएवढाच मोठा निघाला, तर आलेख कसा वाचायचा ते तुम्हाला आपोआप कळेल.

दुसरी, क्लोरोफिल कुणाचं ते पाहा. वारा सुटला की चिखलपट्ट्यावर राहणारे लांबट डायटम पाण्यात उठतात. गाळणकागद हिरवा होतो, पण ते पाण्यात वाढलेले नसतात. ताजा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. लांबट, सरपटणारे डायटम आणि मातीचे कण एकत्र दिसले तर तो तळाचा माल आहे. क्लोरोफिलबरोबर त्याचं विघटन होऊन बनणारं फिओफायटिनही मोजा. तेही अशा वेळी चढलेलं मिळेल.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची: साठ्याबरोबर दरही मोजा. लँड्री आणि हॅसेट यांनी १९८२ मध्ये मांडलेली विरलीकरणाची पद्धत अजूनही सर्वांत सोपी आहे. खाडीचं पाणी २०० मायक्रोमीटरच्या जाळीतून गाळून मोठे प्राणी काढायचे. त्याच पाण्याचा एक भाग ०.२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढून निर्जीव करायचा. मग दोन्ही मिसळून बाटल्या भरायच्या: काहींत १०० टक्के मूळ पाणी, काहींत ७५, ५०, २५. पाणी जितकं विरळ, तितकी खाणाऱ्याची आणि प्लवकाची गाठ कमी पडते. चोवीस तास खाडीतच लटकवून ठेवायच्या आणि आधी-नंतरचं क्लोरोफिल मोजायचं. निव्वळ वाढ विरलीकरणासमोर मांडली की रेषेचा उतार खाल्लं जाण्याचा दर देतो आणि रेषा जिथे उभ्या अक्षाला भेटते तो आकडा खऱ्या वाढीचा. या सगळ्या बाटल्यांत, १०० टक्के पाण्याच्याही, नायट्रोजन आणि फॉस्फरस सारखा घाला, आणि १०० टक्के पाण्याच्या आणखी काही बाटल्या काहीही न घालता ठेवा. १०० टक्के पाण्याच्या घातलेल्या आणि न घातलेल्या बाटल्यांतला फरक खताची टंचाई सांगेल. म्हणजे खाणारे आणि खतं, दोन्हींचं उत्तर एकाच दिवशी, एकाच पाण्यातून मिळतं. टंचाई नायट्रोजनची की फॉस्फरसची हे वेगळं करायचं तर आणखी बाटल्यांत दोन्ही एकेकटे घालून पाहा.

या पद्धतीत हात बसायला वेळ लागतो. गढूळ पाण्याने ०.२ ची गाळणी लगेच तुंबते, म्हणून आधी जाड गाळणीतून काढा. पंपाचा दाब जास्त दिला की पेशी फुटतात आणि त्यांचंच अमोनियम पाण्यात मिसळतं. मग न घातलेल्या बाटल्याही खतावल्यासारख्या वागतात. एकपेशीय सिलिएट तर इतके नाजूक असतात की पाणी नळीने वरून ओतलं तरी मरतात. नळीचं तोंड बाटलीच्या तळाशी बुडवून हळू भरा. हे सगळं शिकायला समुद्र लागत नाही. अंबाझरीचं किंवा गोरेवाड्याचं पाणी घ्या आणि तिथेच दोन-चार प्रयोग करा. पद्धत गोड्या पाण्यात तशीच चालते. एप्रिल-मेच्या उन्हात बाटल्या पृष्ठभागाशी ठेवू नका, पेशी उजेडाने जळतील. सेकीच्या निम्म्या खोलीवर बांधा. एकाच मिश्रणाच्या तीन सारख्या बाटल्यांचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत येऊ लागले की मगच किनाऱ्याचं तिकीट काढा, आणि पहिली खेप ऑक्टोबरात ठेवा, गोदावरीचा पूर ओसरत असताना.